गिधाडे गेली, घारी उरल्या

देवनारच्या पशुवधगृहावर ऊन चढू लागले की घारींच्या घिरट्या सुरू होतात. ससून डॉकवर मासळीचा लिलाव आटोपला की तेथेही हेच दृश्य दिसते. मुंबईकराला या पक्ष्याचे फारसे अप्रूप नाही. एखाद्याच्या हातातला खाऊ घारीने झडप घालून पळवला, तर तेवढ्यापुरती तिची चर्चा होते. आकाशात घार आहे म्हणजे शिकारी पक्षी अजून शहरात टिकून आहेत, असे समाधानही कोणी करून घेईल. परंतु ज्या आकाशात आज घारी आहेत, त्याच आकाशात पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी गिधाडेही होती. ती गेली आणि घारी उरल्या. असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर पक्षिशास्त्राइतकेच शहराच्या कारभारातही शोधावे लागते.

हा विषय आताच काढण्याचे कारण म्हणजे २०२५ या एका वर्षात शहरी प्राण्यांविषयी झालेले निर्णय. जुलैमध्ये राज्य सरकारने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत केली. त्यानंतर दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, आंदोलकांनी ती हटवली आणि प्रकरण न्यायालयांत गाजले. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्रिसदस्यीय खंडपीठाने तो बदलून निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्यास आणि त्यांना ठरावीक जागीच खाऊ घालण्यास सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हटविण्याचा आणखी एक आदेश आला. याच वर्षी मुंबई महापालिकेने देवनारच्या कचराभूमीवरील सुमारे १८५ लाख टन जुन्या कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी निविदा काढली.

कबुतरे, कुत्री आणि कचरा या तीन विषयांच्या तीन फायली झाल्या. त्या वेगवेगळ्या टेबलांवरून फिरल्या आणि त्यांवर भांडणारे पक्षही वेगवेगळे होते. प्रत्यक्षात तिन्ही फायलींचा विषय एकच आहे : शहर काय टाकते आणि ते कोण खाते. या साखळीच्या वरच्या टोकाला असलेल्या शिकारी पक्ष्यांचा उल्लेख मात्र यांपैकी एकाही वादात ठळकपणे झाला नाही. साखळीचे ते टोक तुटले की काय होते याचा अनुभव या देशाने एकदा घेतलेला आहे आणि त्याची किंमत माणसांच्या जिवांत मोजली आहे.

दिल्लीतील मोजदाद

भारतीय शहरातील शिकारी पक्ष्यांची सर्वांत बारकाईने झालेली मोजदाद दिल्लीची आहे. व्लादिमीर गालुशिन या रशियन पक्षिशास्त्रज्ञाची पाहणी १९७१ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे दीडशे चौरस किलोमीटरच्या शहरात त्यांना शिकारी पक्ष्यांच्या जवळपास २,९०० जोड्या आढळल्या. त्यांत घारी बहुसंख्य होत्या. दर चौरस किलोमीटरमागे त्यांच्या साधारण १६ जोड्या भरत. त्यांच्या जोडीला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्याही शेकडो जोड्या राजधानीतील मोठ्या झाडांवर घरटी करून राहत होत्या. जगातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या शहरात शिकारी पक्ष्यांची एवढी दाटी तोपर्यंत नोंदली गेली नव्हती.

त्यानंतर चार दशकांनी निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतील घारींचा अभ्यास पुन्हा हाती घेतला. तेव्हाही चौरस किलोमीटरमागे सरासरी १५ च्या आसपास घरटी आढळली. मधल्या काळात दिल्लीची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली, हवा बिघडली, उड्डाणपूल उभे राहिले. पण घारींचे प्रमाण जवळपास तेच राहिले. पांढऱ्या पाठीचे गिधाड मात्र राजधानीच्या झाडांवरून नाहीसे झाले होते.

घार टिकली, कारण ती शहराच्या सवयींशी जुळवून घेणारी आहे. ती वजनाला हलकी असते, उडता उडता मांसाचा तुकडा उचलते, उंदीर, कबुतराचे पिल्लू, कोंबडीची आतडी, मासळीचे डोके यांपैकी काहीही तिला चालते. घरट्यासाठी तिला एखादे उंच झाड पुरते. तेही नसेल तर विजेचा मनोरा चालतो. कुमार यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. दिल्लीच्या घारी सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नाहीत. रस्त्यावर कचरा उघडा पडतो आणि घरट्याला झाडे मिळतात, अशा ठिकाणी त्या दाटीने राहतात. जुन्या दिल्लीत ‘सदका’ म्हणून घारींना मांसाचे तुकडे उडवण्याची मुस्लिमांत रूढ असलेली प्रथा आहे. त्या वस्त्यांच्या आसपास त्यांची घरटी अधिक आहेत. अशा ठिकाणच्या घारी घरट्याजवळ आलेल्या माणसावर झडप घालण्यासही कमी कचरतात, असे याच संशोधकांना आढळले.

दिल्लीच्या उकिरड्याची साखळी दिल्लीतच संपते असेही नाही. दर हिवाळ्यात मध्य आशिया आणि सैबेरियातून घारींची दुसरी उपजात दिल्लीत येते. गाझीपूरची कचराभूमी आणि तिच्या शेजारचा कोंबडी-मासळीचा बाजार हे तिचे आवडते ठिकाण. उपग्रहाद्वारे माग काढला असता या घारी काराकोरम-हिमालयाच्या रांगा ओलांडून हजारो किलोमीटरचा प्रवास करतात, हे दिसून आले. एका महापालिकेने कचऱ्याचे काय करायचे याचा निर्णय अशा रीतीने सैबेरियातील पक्ष्याच्या पोटापर्यंत पोचतो.

थोडक्यात, शहरात कोणता शिकारी पक्षी राहील हे त्या शहरातील टाकाऊ पदार्थ ठरवतात. घारीला तुकडे लागतात आणि शहर ते रोज पुरवते. गिधाडाला अख्खे मेलेले जनावर लागे. तेही शहरांच्या आणि गावांच्या वेशीवर उपलब्ध होते. मग गिधाडच का गेले?

वेदनाशामकाची वेदना

१९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील बहुधा सर्वाधिक संख्येने आढळणारा मोठा शिकारी पक्षी आहे, असे म्हटले जाई. पुढे पंधरा-वीस वर्षांत त्याची जी वाताहत झाली, तशी वेगवान घसरण पक्ष्यांच्या इतिहासात क्वचितच नोंदली गेली असेल. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात गिधाडांची घरटी ओस पडत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. विभू प्रकाश यांनी १९९०च्या दशकात टिपले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचे पुढील गणनांतून दिसले.

प्रारंभी एखाद्या विषाणूचा संशय घेतला गेला. खरे कारण २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून पुढे आले. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध शोधून काढले. माणसांच्या सांधेदुखीवर वापरले जाणारे हे औषध १९९०च्या दशकात स्वस्त झाले आणि गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले. औषध दिल्यानंतर थोड्याच काळात मेलेले जनावर गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होत आणि आतड्यांवर युरिक आम्लाचे पांढरे थर चढत. सगळीच मेलेली जनावरे विषारी असण्याचीही गरज नव्हती. शंभरांत एकाहूनही कमी जनावराच्या देहात हे औषध असले, तरी गिधाडांची संख्या कोसळण्यास तेवढे पुरेसे होते, असे गणिताने दाखवून दिले. कारण एका जनावरावर डझनावारी गिधाडे उतरतात आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

मुंबईत या पडझडीचा पहिला आणि सर्वांत वेदनादायक अनुभव पारशी समाजाने घेतला. मलबार हिलवरील डुंगरवाडीत सतराव्या शतकापासून दोखमेनशिनीची प्रथा चालू आहे. पृथ्वी, अग्नी आणि जल यांना न विटाळता देहाचे विसर्जन व्हावे हा तिचा हेतू आणि गिधाड हा तिचा आधार. गिधाडे दिसेनाशी झाल्यावर देहांचे विघटन लवकर व्हावे म्हणून दोखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. २०१५ मध्ये वरळी येथे पारशी दहनविधीसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. परंपरेचे काय करायचे हा वाद समाजात अजून मिटलेला नाही. गुरांच्या गोठ्यात टोचलेल्या एका सुईमुळे महानगरातील एका समाजाचा अंत्यविधी विस्कळीत झाला, हे अन्नसाखळी या शब्दाचे याहून बोलके उदाहरण दुसरे कोणते असेल?

मृत्यूंचा हिशेब

गिधाडांचा प्रश्न पारशी समाजापुरता किंवा पक्षिमित्रांपुरता असता, तर तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर राहिला असता. तसे झाले नाही. गावाबाहेर, शहराच्या वेशीवर मेलेली जनावरे टाकण्याच्या जागा देशभर होत्या. कातडे काढणारा कातडे नेई, हाडे गोळा करणारा हाडे नेई आणि मधले सर्व काम गिधाडे करीत. गिधाडांचा थवा एका गुराचा देह पाऊण तासाच्या आत साफ करतो. त्यांच्या पोटातील तीव्र आम्लामुळे कुजक्या मांसातील बहुतेक रोगजंतू तेथेच संपतात. भारतासारख्या, गुरांची संख्या प्रचंड असलेल्या देशात ही एक विनामूल्य आरोग्यसेवा होती. तिचे अंदाजपत्रक कधी मांडले गेले नाही, म्हणून ती बंद पडल्याचेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

गिधाडांची जागा घारी आणि कावळे घेतील असे वरवर पाहता वाटू शकते. परंतु गुराचे जाड कातडे फाडण्याचे बळ घारीत नाही आणि तिच्या वाट्याला फार तर उरलेसुरले येते. ती जागा घेतली भटक्या कुत्र्यांनी आणि उंदरांनी. कुत्रा मांस खातो, पण जनावर पूर्ण साफ करीत नाही. उरलेले कुजते, पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-नाल्यांत जाते. शिवाय गिधाडाला रेबीज होत नाही, कुत्र्याला होतो आणि तो माणसाला देतो. अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिधाडे घटल्यामुळे देशात किमान ५५ लाख कुत्री वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा मृत्यू झाले, असा अंदाज मांडला.

याहून धक्कादायक आकडा २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात आला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांना अनुकूल असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदराची तुलना केली. डायक्लोफेनॅकचा वापर वाढण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्युदराचा कल सारखा होता. त्यानंतर मात्र गिधाडे असलेल्या जिल्ह्यांत मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या वर्षांत देशात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याच जिल्ह्यांत रेबीजच्या लशींची विक्री वाढली, कुत्री वाढली आणि पाण्याची गुणवत्ता ढासळली. परिणाम सर्वांत तीव्र होता तो गुरांची संख्या मोठी असलेल्या शहरी भागांत. कारण उघड आहे. खेड्यात मेलेले जनावर पुरायला जागा असते. शहराच्या वेशीवर जनावरांचे ढीग साचतात आणि तेथेच गरिबांच्या वस्त्याही असतात.

हे अंदाज आहेत आणि अशा अंदाजांत मतभेदाला जागा असते, हे मान्य करावयास हवे. तथापि दोन वेगळ्या पद्धतींनी केलेले दोन अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. रेबीजचे मृत्यू अलीकडे कमी झाल्याचे दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांच्या ताज्या अंदाजानुसार ते वर्षाला सुमारे ५,७०० आहेत. पण प्राण्यांनी चावे घेण्याच्या घटना अजूनही वर्षाला ९१ लाखांच्या घरात आहेत. २०२५ मध्ये न्यायालयांत कुत्र्यांवरून जी लढाई झाली, तिचे एक मूळ तीस वर्षांपूर्वीच्या या रिकाम्या झालेल्या जागेत आहे.

शिकारी प्राण्याने शहराला उपकारक ठरण्याचे उलट उदाहरणही मुंबईतच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांच्या आहारात सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा असल्याचे आढळले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज बांधला, की हे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात आणि त्यामुळे उद्यानालगतच्या वस्त्यांत वर्षाला सुमारे १,००० श्वानदंश टळतात. बिबट्याचे वस्त्यांवरील हल्ले हा गंभीर प्रश्न आहे आणि त्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु जमेची बाजू मोजल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही, एवढे या अभ्यासाने दाखवून दिले.

विषाची दुसरी वाट

औषधाचा धडा शिकण्यास आपल्याला किती काळ लागला हेही पाहण्यासारखे आहे. गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मात्र माणसांसाठीच्या मोठ्या कुप्यांमधून ते गुरांना टोचले जातच राहिले. म्हणून २०१५ मध्ये या कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला. गिधाडांना घातक ठरणाऱ्या केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या औषधांचा गुरांसाठी वापर थांबवण्यास २०२३ उजाडले. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय तर २००६ पासूनच ठाऊक होता. प्रत्येक औषध आधी बाजारात येते, पक्षी मरतात, मग बंदी येते, हा क्रम उलटा करण्याची गरज आहे.

शहरातील शिकारी पक्ष्यांपुढे आता विषाची दुसरी वाट उघडली आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्राणिसंग्रहालयातून फेब्रुवारी २०२३ मध्ये निसटलेला ‘फ्लॅको’ नावाचा युरेशियन घुबड वर्षभर त्या महानगरात मोकळा फिरला आणि तेथील नागरिकांचा लाडका झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एका इमारतीच्या आवारात मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनात दोन गोष्टी आढळल्या : कबुतरांतून आलेला विषाणुसंसर्ग आणि उंदीर मारण्याच्या चार वेगवेगळ्या विषांचे अंश. तो मुक्तपणे जगला ते शहरातील कबुतरांवर आणि उंदरांवर, मेलाही त्यांच्यामुळेच.

त्याच न्यूयॉर्कची दुसरी कथा आशादायक आहे. डीडीटीच्या वापरामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन बहिरी ससाणा पूर्व अमेरिकेतून जवळपास नाहीसा झाला होता. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, पिंजऱ्यात वाढवलेले ससाणे सोडण्यात आले आणि १९९९ मध्ये त्याचे नाव संकटग्रस्त प्रजातींच्या राष्ट्रीय यादीतून वगळले गेले. आज तो त्या शहराच्या पुलांवर आणि गगनचुंबी इमारतींवर घरटी करतो व कबुतरांवर ताव मारतो. विष वेळीच थांबवले तर शिकारी पक्षी शहरात परत येऊ शकतो, याचा हा पुरावा आहे.

मुंबईत उंदीर मारण्यासाठी महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक काठी आणि विजेरी घेऊन गल्लीबोळांत फिरतात. काम कष्टाचे आहे, पण त्यातून विष पसरत नाही. विषाचा प्रश्न आहे तो गृहनिर्माण संस्था, गोदामे आणि उपाहारगृहे यांच्याकडून होणाऱ्या वापराचा. रक्त न गोठू देणारी विषे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि त्याच काळात घार, गव्हाणी घुबड किंवा मांजर त्याला सहज पकडते. उंदरांचा फुकट बंदोबस्त करणाऱ्या घुबडालाच आपण असे विष भरवत असतो.

दाणे आणि मांस

कबुतरांच्या वादात श्रद्धा विरुद्ध आरोग्य अशी मांडणी झाली. कबुतरांची विष्ठा व पिसे यांमुळे फुप्फुसांचे गंभीर विकार होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूला, मुक्या जिवाला दाणे घालणाऱ्याची भूतदया खोटी आहे असे म्हणता येत नाही. दिल्लीत घारींना मांस उडवणाऱ्याची भावनाही त्याच जातीची आहे. मात्र पुण्य मिळवण्याच्या या दोन वाटांचा परिणाम सारखाच होतो. एका जागी अमाप अन्न मिळते, एका जातीची संख्या फुगते आणि शेजारी राहणाऱ्याला त्याचा भार सोसावा लागतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालानुसार २००० नंतर देशात कबुतरांची संख्या दीडशे टक्क्यांहून अधिक वाढली. त्याच अहवालाने शिकारी पक्ष्यांची मोठी पीछेहाट नोंदवली आहे.

कबुतरे एवढी वाढली तर त्यांना खाणारे शिक्रा आणि ससाणे का वाढत नाहीत, असे कोणी विचारील. शिकारी पक्ष्याला केवळ अन्न पुरत नाही. त्याला घरट्यासाठी उंच झाड किंवा शांत कडा लागतो, स्वतःची हद्द लागते आणि विषमुक्त शिकार लागते. पिंपळ-वड तोडून काचेच्या इमारती उभारणाऱ्या शहरात कबुतराला वातानुकूलन यंत्रामागची खोबणी मिळते. शिक्र्याला तशी जागा मिळत नाही. शिवाय रोज पोत्यांनी दाणे पडत असतील, तर दहा ससाणे आले तरी कबुतरांच्या संख्येत फरक पडणार नाही. संख्या आवरायची तर आधी अन्न आवरावे लागते, मग प्राणी कोणताही असो.

पुढे काय?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कचरा बंदिस्त झाला तर घारी कमी होतील. मग पक्ष्यांसाठी उकिरडे राखायचे काय? अर्थातच नाही. देवनारच्या धुराने तेथील वस्त्यांची पिढ्यान्‌पिढ्या हानी केली आहे. जानेवारी २०१६ मधील आगीचा धूर अवकाशातून टिपला गेला होता. विमानांच्या सुरक्षेसाठीही उघडा कचरा घातक असतो. विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात जनावरे कापणे वा ‘गिधाडांना किंवा इतर पक्ष्यांना’ आकर्षित करणारी घाण टाकणे विमान नियम, १९३७ नुसार निषिद्ध ठरवले गेले. नियमात नोंदवलेली गिधाडे नाहीशी झाली आणि घाण तेवढी राहिली, हा भाग वेगळा. घारींची भरमसाट संख्या हे निरोगी शहराचे लक्षण मुळीच नव्हे. ती आपल्या अव्यवस्थेची मोजपट्टी आहे.

मात्र कचरा हटवताना त्यावर जगणारे प्राणी कोठे जातील याचा विचार त्याच फायलीत व्हायला हवा. एका रात्रीत कचराभूमी बंद झाली, तर तेथील कुत्री आणि उंदीर शेजारच्या वस्तीत शिरतात. म्हणून कचरा हटवण्याच्या वेळापत्रकाला परिसरातील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची आणि लसीकरणाची जोड हवी. मांस-मासळी बाजारांतील अवशेष रोजच्या रोज बंद वाहनांतून उचलून प्रक्रियेला पाठवले, तर कुत्री, उंदीर आणि घारी या तिघांचाही फुकटचा पुरवठा एकाच वेळी कमी होतो. मेलेल्या गुरांच्या विल्हेवाटीची शहराच्या वेशीवर शास्त्रशुद्ध सोय हवी. घातक मूषकविषांच्या खुल्या विक्रीला आळा हवा. गुरांसाठीच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांवरील सुरक्षितता परवान्यापूर्वीच तपासली गेली पाहिजे. यांपैकी एकाही उपायासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

गिधाडे मुंबईत लगेच परततील अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातील गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात स्थानिकांच्या प्रयत्नांनी काही गिधाडे टिकून आहेत. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याची तूट भरून निघण्यास दशके लागतील आणि तोवर जनावरांच्या देहांत विष नसल्याची खात्री सतत करत राहावी लागेल.

पुढच्या वेळी कबुतरांसाठी समिती नेमली जाईल, कुत्र्यांसाठी आदेश निघेल किंवा कचराभूमीची निविदा उघडली जाईल, तेव्हा त्या टेबलावर पशुवैद्यक, आरोग्य अधिकारी, घनकचरा अभियंता आणि पक्षितज्ज्ञ एकत्र बसलेले असावेत, एवढी अपेक्षा वावगी नाही. १९९०च्या दशकात तसे कोणी बसले नव्हते. गिधाडे मरत असल्याचे पक्षितज्ज्ञ सांगत होते, कुत्री वाढल्याची तक्रार नगरपालिका करीत होत्या आणि रेबीजचे रुग्ण सरकारी रुग्णालयांत दाखल होत होते. तिघांच्या नोंदी आपापल्या वह्यांत राहिल्या. त्या एकमेकींना जोडून पाहीपर्यंत लाखो माणसांचे प्राण गेले होते.